यंदाचं फळ

सूर्यभान गर्जे हा माणूस तसा कुणाच्या अध्यातमध्यात नसायचा, पण चैत्र लागला की गावातले बागवाले त्याला बघून चेहरा पाडायचे. मोसंबीची फळं सुपारीएवढी झाली की हा खांद्यावर रिकामी पाटी टाकून बागेत शिरणार आणि दिवस मावळेपर्यंत झाडाखाली हिरव्यागार कोवळ्या फळांचा सडा पडणार, हे ठरलेलं. वर्षभर शेणखत घालून, मोटेचं पाणी पाजून आणलेला बहार, त्यातलं निम्मं हा माणूस मातीत टाकायचा. आणि तरी दरवर्षी त्यालाच बोलवावं लागायचं, कारण त्यानं विरळलेल्या बागेतली फळं मुठीत न मावणारी आणि झाडं सालोसाल टिकणारी. ज्यांनी हावरेपणा करून सगळं ठेवलं, त्यांच्या फांद्या मोडल्या आणि पुढच्या साली झाड नुसतं पानांचं राहिलं. हे गावानं डोळ्यानं बघितलं होतं.

पाथर्डी तालुक्यातलं बोरखळं म्हणजे माळावरचं गाव. दिवाळी झाली की निम्मी घरं कुलूप लावून ऊस तोडायला कारखान्यांवर जायची. ज्यांच्या विहिरींना पाणी होतं अशा दहा-बारा जणांनी मोसंबी लावलेली. सूर्यभानाची स्वतःची बाग नव्हती. दोन एकर कोरडवाहू रान, त्यात बाजरी. पण तरुणपणी नऊ वर्षं तो श्रीरामपूरकडच्या एका मोठ्या बागेत सालगडी होता आणि तिथून तो ही विद्या घेऊन आला होता. फळ कसं धरायचं, देठ कसा पिळायचा म्हणजे साल सोलत नाही, घोसातलं कुठलं ठेवायचं, कुठलं काढायचं, हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं. बोलायला मात्र फटकळ. "झाडाला फळं मोजता येत न्हाईत," म्हणायचा, "ती आपुनच मोजायची असत्यात."

या कामाची गावात एक रीत होती. पहिलं फळ मालकानं स्वतःच्या हातानं तोडायचं, पाटीत ठेवायचं आणि बागेतून निघून जायचं. पडलेली फळं उचलून नेईपर्यंत परत फिरकायचं नाही. मालक उभा राहिला की "हे राहू दे, ते राहू दे" करत बसतो, म्हणून ही रीत पडली असावी. सूर्यभान ती देवाच्या कामासारखी पाळायचा. मालकाचा हात लागल्याशिवाय त्यानं कधी कुणाच्या झाडाला बोट लावलं नव्हतं. एकदाच लावलं, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

कारभारी हा त्याचा लहानपणापासूनचा मैतर. वयानं चार वर्षं मोठा, पण दोघं एकमेकांना अरेतुरेच करायचे. कारभारीची बायको बनुबाई सूर्यभानाला भावजी म्हणायची. त्यांना एकच मुलगा होता, सहादेव. सहासष्ट सालच्या पावसाळ्यात सहादेवनं श्रीरामपूरकडून मोसंबीची चाळीस कलमं आणली. यष्टीच्या टपावर बसून, एकेका कलमाला गोणपाट गुंडाळून आणली. खड्डे त्यानंच घेतले, कलमं त्यानंच लावली, आणि दोन वर्षांनी आळी करताना कुदळ पायावर बसली. जखम एवढीशी. हळद दाबली आणि कामाला लागला. आठव्या दिवशी त्याचे दात आवळले ते उघडलेच नाहीत. धनुर्वात. नगरला न्यायला बैलगाडी जुंपेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतर कारभारीनं शेतातलं बाकी सगळं अर्ध्या मनानं केलं, पण ती चाळीस झाडं त्यानं पोरासारखी वाढवली, आणि ती फुलावर कधी येतात याची वाट बघत राहिला.

चौथ्या वर्षी झाडांना थोडी फळं लागली. सूर्यभान पाटी घेऊन आला.

"सगळी काढायची?" कारभारीनं विचारलं.

"सगळी. कवळी झाडं हायेत. आत्ताच फळ धरलं तर लाकूड वाढत न्हाई."

"दोन-चार तरी राहू दे की. सहादूच्या हातची हायेत."

"दोन ठिवली की मानूस धा ठिवतो. काढायचं तर सगळं काढायचं, कारभारी."

कारभारीनं पहिलं फळ तोडलं आणि मान खाली घालून घराकडे गेला. पाचव्या वर्षीही तसंच झालं. त्या साली पाऊस ओढला होता, विहीर तळाला गेली होती, तेव्हा कारभारीनं विचारलंसुद्धा नाही. पण बहात्तर सालच्या चैत्रात सूर्यभान बागेत शिरला तेव्हा झाडं डोक्याच्या वर गेली होती, खोडं मनगटापेक्षा जाड झाली होती आणि पानापानाआड फळ होतं. सूर्यभान सगळीकडून फिरून आला आणि मैतराच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "यंदा ठिवू. निम्मं काढतो, निम्मं तुजं. दिवाळीला पोराच्या झाडाची मोसंबी खा."

 कारभारीला खोकल्याची उबळ आली आणि तो बांधावर बसला. संक्रांतीपासून त्याला हा खोकला लागला होता. अंगातली बंडी ढिली व्हायला लागली होती. बांधावरून शंभर पावलांवरचं पिवळं पान ओळखणाऱ्या सूर्यभानाला शेजारी बसलेल्या माणसाचं काही दिसलं नाही. उन्हाळ्याचा खोकला आहे, जाईल, असं म्हणून त्यानं कामाला हात घातला.

मग ते साल आलं. बहात्तरचा दुष्काळ. मिरग कोरडा गेला, आषाढ कोरडा गेला. पेरलेली बाजरी वीतभर वाढून उभ्या उभ्या करपली. रेशनवर मिलो आला, लाल, जाडाभरडा, त्याची भाकरी घशाखाली उतरेना. पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं तशी बायकामाणसं टिकाव, घमेली घेऊन तिकडे गेली. पोळ्याला बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावायचंही कुणाच्या मनात आलं नाही.

कारभारीच्या विहिरीत रात्रभरात गुडघाभर पाणी साठायचं. मोट केव्हाच बंद झाली होती. तो आणि बनुबाई पोहऱ्यानं पाणी शेंदून झाडांच्या बुडाशी ओतायचे. सूर्यभान दुष्काळी कामावरून आला की त्यांच्यात सामील व्हायचा. एका संध्याकाळी त्यानं पोहरा खाली ठेवला.

"कारभारी, फळं काढावी लागतील."

"कितीक?"

"सगळी."

कारभारीनं जवळची फांदी खाली ओढून बघितली. फळं तेव्हा लिंबापेक्षा मोठी झाली होती, हिरवीगार, आत नुकता रस धरू लागलेली.

"दोन महिन्याचा सवाल हाय, सूर्यभाना."

"दोन महिने पानी कुटनं आननार? फळ वडून घेतंय सगळं. वज्जं उतरलं तर झाड जीव धरील, न्हाईतर दसऱ्याच्या आत जळान हुईल."

"हुऊ दे. मला यंदाचं फळ पायजे. झाडं ठिवून मी काय करू?"

सूर्यभानानं आजवर शेकडो मालक बघितले होते. फळासाठी रडणारे, भांडणारे, पाया पडणारे. पण झाड गेलं तरी चालेल असं म्हणणारा मालक त्याच्या बघण्यात नव्हता. "येडा झाला का? पोरानं लावलेली झाडं हायेत ही," तो खेकसला.

"पोरानं लावली म्हनूनच म्हनतो." कारभारी उठला आणि त्याच्या डोळ्यात डोळे घालून म्हणाला, "मी काय पयलं फळ तोडत न्हाई. आन् मी तोडल्याबिगर तू हात लावत न्हाईस, हे मला ठावं हाय."

त्यापुढे दोघांमध्ये चार दिवस बोलणं नव्हतं. पाचव्या दिवशी कारभारी बैलं घेऊन छावणीला गेला. घरी चाऱ्याची काडी राहिली नव्हती आणि बैलं नीट बांधली जाईपर्यंत आठ-दहा दिवस तरी तिथं राहणं भाग होतं. जाताना बनुबाईला सांगून गेला, झाडांना पाण्याचा खाडा पडू देऊ नको.

खाडा तिनं पडू दिला नाही, पण एकट्या बाईनं शेंदून शेंदून किती शेंदायचं? कारभारी गेल्यावर चौथ्या दिवशी सकाळी सूर्यभान कामावर जाता जाता बागेपाशी थांबला. दुपारच्या उन्हात पान वळतं, त्याचं काही नाही, गार वेळेला उलगडतं. पण भल्या सकाळी पान वळलेलं दिसलं तर झाडाच्या आत काही उरलं नाही असं समजायचं. चाळीसच्या चाळीस झाडांची पानं सकाळी विड्यासारखी वळली होती. सूर्यभान कामावर गेलाच नाही. घरी जाऊन पाटी घेऊन आला.

बनुबाई विहिरीवर होती. पाटी बघून तिच्या हातातला दोर थांबला.

"ते घरी न्हाईत, भावजी."

"म्हनून तर आलो."

"त्यांनी तोडल्याबिगर?"

"झाडं मेल्यावर कुनी तोडायचं, वैनी?"

बनुबाईच्या ओठावर काहीतरी आलं होतं. ती दोन पावलं पुढं आली, थांबली, पदर तोंडाला लावला आणि परत विहिरीकडे वळली. सूर्यभानाला वाटलं, बाईमाणूस आहे, फळांसाठी जीव तुटतोय. त्यानं पहिल्या झाडात हात घातला. मालकाचा हात न लागलेलं पहिलं फळ त्यानं तोडलं, आणि पुढं बोटं आपोआप चालू लागली.

दोन दिवस तो काढत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटच्या झाडाच्या पोटात, दाट पानांआड, त्याला एक फळ सापडलं. बाकीच्यांपेक्षा मोठं, आणि एका गालावर किंचित पिवळट झाक आलेलं. ते धरून तो थांबला. इथं त्याला कुणीतरी दंडाला धरून हलवायला हवं होतं. अरे, एक फळ! पण काढायचं तर सगळं काढायचं, ही त्याची जन्माची शिस्त. तिच्या जोरावर त्यानं गावात नाव कमावलं होतं. त्यानं देठ पिळला आणि तेही पाटीत टाकलं.

फळांचा ढीग बांधाला रचला. दुष्काळी कामावरच्या बायका येता-जाता ओच्यात भरून नेऊ लागल्या. तोंडाला पाणी सुटायचं, पण आत नुसता आंबट चोथा. उरलेली शेरडांपुढं गेली. तरी गुडघ्याएवढा ढीग शिल्लक होता आणि त्याच्यापाशीच कारभारी येऊन उभा राहिला.

सूर्यभान पलीकडच्या बांधावर होता. शिव्या खायची, प्रसंगी मार खायचीही त्यानं तयारी केली होती. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, पान सकाळी वळलं होतं, आणखी चार दिवस गेले असते तर काय झालं असतं, वगैरे. कारभारीनं ढिगातलं एक फळ उचललं, हुंगलं आणि परत ठेवलं. मग तो पहिल्या झाडापाशी गेला आणि दोन्ही हातांनी फांद्या बाजूला करून आत बघू लागला. मग दुसऱ्या झाडापाशी. मग तिसऱ्या. दर दोन-तीन झाडांमागे खोकत होता, खोडाला धरून थांबत होता आणि पुन्हा पुढच्या झाडात हात घालत होता. सूर्यभानाला कळलं तो काय शोधतोय, आणि आपण तिथून निघून जावं असं वाटूनही तो तिथंच उभा राहिला. चाळीस झाडं बघून व्हायला दुपार झाली.

कारभारी त्याच्यापाशी आला. चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं.

"न्हाई ठिवलंस एकबी," तो म्हणाला, आणि घराकडे चालू लागला.

पुढं दोघांची बोलचाल बंद झाली असं काही नाही. सूर्यभानानं राम राम घातला तर कारभारी राम राम घालायचा. पण पारावर येऊन शेजारी बसणं, चंची उघडून पान पुढं करणं, ते संपलं. सूर्यभान दिवसभर खडी फोडायचा आणि संध्याकाळी दोन मैलांवरच्या टँकरचं पाणी घागरीनं आणून त्या झाडांना घालायचा. आपल्या घरची घागर अर्धी ठेवून घालायचा. त्याची बायको रंगुबाई बडबड करायची, पण अडवायची नाही. कारभारी ओसरीवर घोंगडी पांघरून बसलेला असायचा, आणि तो घागर घेऊन जाताना बघायचा.

गावातल्या बाकीच्या बागा कार्तिकापर्यंत गेल्या. ज्यांनी दिवाळीच्या फळाचा मोह धरला त्यांची झाडं फळासकट वाळली, चिमलेली काळी फळं फांद्यांवर तशीच लटकून राहिली. कारभारीच्या बागेतली तेहेतीस झाडं मात्र पानं गाळूनही खोडाला हिरवी राहिली. लोक बघायला यायचे. नखानं साल खरवडून हिरवा रंग बघायचे आणि सूर्यभानाच्या नावानं माना डोलवायचे. कुणी तोंडावर स्तुती केली की तो पूर्वी मिशीला हात लावायचा. त्या साली त्यानं तो लावला नाही.

माघात कारभारी गेला. शेवटचे पंधरा दिवस त्याला अंथरुणावरून उठता येत नव्हतं. सूर्यभान रोज जाऊन उशाशी बसायचा. कारभारी भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. बोलायचं ते बनुबाईशीच. माती देऊन परत आल्यावर सूर्यभान ओट्यावर डोकं धरून बसला होता आणि रंगुबाई पाणी देता देता म्हणाली, "सुटला बिचारा. शिमग्याला डाक्टरनं सांगितल्यापरीस साल बी पुरं निघालं न्हाई."

"काय सांगितलं हुतं डाक्टरनं?"

रंगुबाई त्याच्याकडे बघतच राहिली. "तुमाला म्हाईत न्हाई? नगरच्या दवाखान्यात सांगितलं नव्हतं का, फुप्फुसात गाठ हाय, पुढचा शिमगा काय दिसत न्हाई म्हनून. बनुबाईनं मला श्रावनात सांगितलं. मला वाटलं तुमा मैतरांचं आधीच बोलनं झालं असंल."

आळीतल्या चार बायकांना ठाऊक होतं. सकाळी वळलेलं पान सगळ्यांआधी ओळखणारा माणूस तेवढा अडाणी निघाला होता. दोन महिने, कारभारी म्हणत होता. दोन महिनेच मागत होता तो. दिवाळीनंतरही तो तीन महिने जगला.

त्र्याहत्तर साली पाऊस झाला. इतके दिवस ताण सोसलेली झाडं अशी फुलली की वासानं वाटेवरचा माणूस थांबावा. हा पावसावरचा बहार, म्हणून फळं चैत्राऐवजी भाद्रपदात सुपारीएवढी झाली, घोसानं लागली, फांद्या आत्तापासूनच लवायला लागल्या. बनुबाईनं शेजारच्या बाईकडे निरोप धाडला, भावजींना म्हणावं पाटी घेऊन या.

सूर्यभान त्या साली गावात कुणाकडे गेला नव्हता. तसं जाण्यासारख्या बागाही राहिल्या नव्हत्या. निरोप आल्यावर तो रंगुबाईला म्हणाला, दुसऱ्या कुणाला बोलवायला सांग. मग स्वतःच उठला, पाटी घेतली आणि गेला.

बनुबाई पहिल्या झाडापाशी उभी होती. कपाळ मोकळं, हात मोकळे. त्यानं काही सांगायच्या आत तिनं एक फळ तोडून त्याच्या पाटीत ठेवलं. आता तिनं रीतीप्रमाणं जायला हवं होतं. ती गेली नाही.

"भावजी, एक इचारू का?"

"इचारा की, वैनी."

"मागल्या साली तुमी काढलं म्हनून झाडं जगली. गाव म्हनतंय, मी बी म्हनते. माजं म्हातारपन ह्याच झाडांवर निघनार हाय. माजा राग न्हाई." ती थांबली. फळाचा हिरवा वास तिच्या बोटांना लागला होता, ती बोटं तिनं पदराला पुसली. "फकस्त एवढं सांगा. एका झाडावर पाच फळं ऱ्हायली असती, तर ते झाड मेलं असतं का?"

सूर्यभानानं मान वर केली. पंचक्रोशीत या विषयातलं त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. तो 'हो' म्हणाला असता तर ती बाई त्या शब्दावर उरलेला जन्म शांतपणे काढणार होती, आणि त्यालाही कुणी कधी काही विचारणार नव्हतं. त्यानं तोंड उघडलं सुद्धा. पण झाडाबद्दल खोटं त्याला आयुष्यात बोलता आलं नव्हतं.

"न्हाई, वैनी."

"धा ऱ्हायली असती तर?"

"धांनी बी न्हाई."

बनुबाईनं मान हलवली. "मला वाटलंच हुतं," ती म्हणाली आणि बांधावरून घराकडे गेली. ती दिसेनाशी झाल्यावर सूर्यभान झाडाच्या बुडाशी बसून लहान पोरासारखा रडला. मग उठला. फळं फार दाट लागली होती, विरळली नसती तर फांद्या मोडल्या असत्या, म्हणून दिवस मावळेपर्यंत तो एकटाच ती काढत राहिला.